उजव्या हाताच्या कायम अपंगत्वाचा विमा दावा नाकारला गेला आहे. पुढचे काम स्वतः कसे करावे?

प्रश्न : शिरोळकर

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत लोखंडी ग्रिल, फाटके आणि पत्र्याच्या शेड तयार करण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री काम आटोपून घरी परतताना हातकणंगल्याजवळ माझी दुचाकी घसरली आणि उजवे मनगट व तळहाताची हाडे मोडली. कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात प्लेट बसवली गेली आणि पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. हाड जुळले आहे, परंतु मनगट जवळजवळ ताठ झाले असून तर्जनी आणि मधले बोट तळहाताला टेकत नाही. ग्राइंडर किंवा वेल्डिंगचा होल्डर धरता येत नाही, त्यामुळे सध्या माझे काम दोन कारागीर करतात आणि मी केवळ मोजमापे व हिशेब पाहतो.

माझ्याकडे २० लाख रुपयांची व्यक्तिगत अपघात विमा पॉलिसी आहे. तिच्यात अपघाती मृत्यू, कायमचे संपूर्ण अपंगत्व, कायमचे अंशतः अपंगत्व आणि तात्पुरत्या संपूर्ण अपंगत्वासाठी साप्ताहिक भरपाई अशी चार संरक्षणे आहेत. कायमचे अपंगत्व आणि साप्ताहिक भरपाई अशा दोन्हींचा दावा मी केला होता. कंपनीकडून आलेल्या पत्रात, अवयव शरीरापासून विलग झालेला नाही आणि अपघाताची सूचना विहित मुदतीत दिलेली नाही, सबब कायमच्या अपंगत्वाचा दावा देय नाही, एवढेच लिहिलेले आहे. साप्ताहिक भरपाईसाठी त्यांनी पगारपत्रके आणि मालकाचा रजेचा दाखला मागितला आहे, आणि मी तर स्वतःच मालक आहे. जिल्हा रुग्णालयातून मिळालेल्या प्रमाणपत्रावर ३४ टक्के कायमचे अपंगत्व असे नमूद आहे, तेही कंपनीने विचारात घेतलेले दिसत नाही.

पॉलिसी विकणारे एजंट आता दूरध्वनी उचलत नाहीत. एका गृहस्थांनी दावा मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे, परंतु मंजूर रकमेतील मोठा हिस्सा ते मागतात. हे काम मला स्वतः करता येईल का, आणि करायचे तर कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे. लिहिण्यासाठी मुलीची मदत घेत आहे. त्यामुळे कागदपत्रांचे काम हळू होईल, पण होईल.

उत्तर : दावाविभाग (निवृत्त, पुणे)

शिरोळकर, मी अनेक वर्षे सर्वसाधारण विम्याच्या दावा विभागात काम केले आहे. आपला दावा अवघड आहे, परंतु नाकारण्याची जी दोन कारणे दिली आहेत ती दोन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत. हे काम आपण स्वतः करू शकता आणि माझ्या मते स्वतःच करावे, कारण हाताचे नेमके काय झाले आहे आणि कामात कुठे अडते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.

सर्वप्रथम पॉलिसीच्या संपूर्ण अटींची प्रत हातात घ्या. बहुतेकांकडे नाव, रक्कम आणि मुदत लिहिलेली एक-दोन पानांची अनुसूचीच असते आणि दावा मात्र तिच्यामागच्या तीस-चाळीस पानांवर ठरतो. ती पाने नसतील तर कंपनीला ईमेल करून मागा. संकेतस्थळावरून उतरवून घेणार असाल तर आपल्या पॉलिसीच्या वर्षाचीच आवृत्ती आहे याची खात्री करा. त्यात आधी ‘हानी’ या शब्दाची व्याख्या शोधा. काही पॉलिसींमध्ये हानी म्हणजे अवयव प्रत्यक्ष तुटणे एवढेच मानले जाते, तर अनेक पॉलिसींमध्ये अवयव तुटणे किंवा त्याचा उपयोग पूर्णपणे व कायमचा नष्ट होणे असे दोन्ही येते. आपल्या पॉलिसीत दुसऱ्या प्रकारची व्याख्या असेल, तर ‘अवयव विलग झालेला नाही’ हे कारण उभेच राहत नाही.

त्यानंतर अंशतः अपंगत्वाचा तक्ता पाहा. बऱ्याच पॉलिसींमध्ये तो असा असतो : खांद्यापासून हात ७० टक्के, कोपराच्या वर ६५, कोपराच्या खाली ६०, मनगटापासून पंजा ५५, अंगठा २०, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५ टक्के. म्हणजे २० लाखांच्या पॉलिसीत पंजाचा उपयोग पूर्ण गेला असेल तर ११ लाख आणि केवळ तर्जनी व मधल्या बोटाचा गेला असेल तर ३ लाख रुपये होतात. हा फरक मोठा आहे. आता तक्त्याची शेवटची ओळ वाचा, कारण तिथवर फारसे कोणी जात नाही. ‘इतर कोणतेही कायमचे अंशतः अपंगत्व : वैद्यकीय तज्ज्ञ ठरवतील ती टक्केवारी’ अशी ओळ अनेक पॉलिसींमध्ये असते. ताठ झालेले मनगट आणि अर्धवट वळणारी बोटे यांसाठी तीच ओळ लागू पडते. ती आपल्या पॉलिसीत असेल तर आपला सगळा अर्ज तिच्यावर उभा करावा, आणि नसेल तर आपली मागणी त्या त्या बोटांपुरती आणि पंजाच्या उपयोगापुरती मर्यादित ठेवावी लागेल.

आपल्या प्रमाणपत्रावरील ३४ टक्क्यांविषयी गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. ते प्रमाणपत्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या व्यवस्थेतून येते, आणि त्यावरील टक्केवारी कोणत्या अवयवाच्या संदर्भात आहे हे त्याच वाक्यात लिहिलेले असते. त्या ३४ टक्क्यांना २० लाखांनी गुणून ६ लाख ८० हजार मागता येत नाहीत. विमा कंपनी तिच्या तक्त्याने बांधलेली आहे. तरीही ते प्रमाणपत्र निरुपयोगी नाही. अपंगत्व कायमचे आहे आणि ते सरकारी वैद्यकीय मंडळाने तपासले आहे, या दोन गोष्टींचा तो भक्कम पुरावा आहे आणि त्याच कारणासाठी तो जोडावा. टक्केवारी मात्र पॉलिसीच्या तक्त्याच्या भाषेत, आपल्या शल्यचिकित्सकांकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. पॉलिसीतील शब्द आणि वैद्यकीय कागदातील शब्द एकमेकांना भिडले पाहिजेत. मी पाहिलेले बहुसंख्य अडलेले दावे याच एका ठिकाणी अडले होते.

आणखी एक अट तपासा. अपघातापासून १२ महिन्यांच्या आत अपंगत्व निर्माण झालेले असले पाहिजे, असे अनेक पॉलिसी म्हणतात. आपला अपघात गेल्या पावसाळ्यातला आहे, म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ही स्थिती कोणत्या तारखेपासून कायमची झाली ते स्पष्ट येऊ द्या.

उशिराच्या कारणाबाबत. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाद्वारे कंपन्यांना कळवले आहे की टाळता न येणाऱ्या परिस्थितीमुळे सूचनेस विलंब झाला असेल तर केवळ त्या कारणावरून खरा दावा नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या निकालात तीच भूमिका घेतली. तो खटला वाहनचोरीचा होता, पण विलंबाविषयीचे तत्त्व आपल्यालाही मांडता येते. मात्र नुसता परिपत्रकाचा हवाला देऊन भागत नाही, विलंबाचे कारण कागदावर दिसावे लागते. रुग्णालयात दाखल झाल्याची व सुटल्याची तारीख, दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख, उजव्या हाताला प्लास्टर असल्याने लिहिता येत नव्हते ही वस्तुस्थिती, हे सर्व एका पानावर तारखांच्या क्रमाने मांडा आणि प्रत्येक तारखेसमोर त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे ते लिहा. हे एक पान संपूर्ण फाइलच्या वर ठेवा. दावा पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे रोज कितीतरी फायली येतात. ज्या फाइलमध्ये घटना शोधावी लागत नाही, ती नीट वाचली जाते.

साप्ताहिक भरपाईसाठी पगारपत्रकाचा आग्रह स्वयंरोजगार असलेल्याला लागू होत नाही. आपण मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि व्यवसायाच्या बँक खात्याचे उतारे द्या. रजेच्या दाखल्याऐवजी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपण कोणतेही काम करण्यास असमर्थ होता, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्या. येथे एक सावधगिरी बाळगा : ही भरपाई संपूर्ण असमर्थतेच्या काळापुरती असते. मोजमापे आणि हिशेब पाहण्यासाठी आपण ज्या दिवसापासून कारखान्यात जाऊ लागलात, तो दिवस लपवू नका आणि त्याच्या पुढचे आठवडे मागू नका. कंपनीचा तपासनीस शेजारच्या शेडमध्ये चौकशी करतो, आणि एक आठवडा खोटा निघाला की उरलेल्या सगळ्या खऱ्या कागदांवर संशय येतो.

यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी फेरविचार अर्ज करा. त्यात दोन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली, कोणत्या कलमाच्या आधारे दावा नाकारला ते कलम शब्दशः उद्धृत करावे. दुसरी, आरोग्य विम्याच्या २९ मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा नाकारता येत नाही, तर ती संमती घेतली होती का. व्यक्तिगत अपघात विमा कायद्याच्या व्याख्येनुसार आरोग्य विमा व्यवसायातच मोडतो, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. दावा उशिरा मंजूर झाल्यास बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज देण्याची नियमांत तरतूद आहे; तीही मागणी त्याच अर्जात नोंदवून ठेवा.

अर्ज ईमेलने पाठवा आणि तोच स्पीड पोस्टनेही पाठवा. दूरध्वनीवर काही बोलणे झाले तर त्याच दिवशी ‘आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीने मला असे सांगितले’ असा दोन ओळींचा ईमेल करा. मूळ कागद कधीही देऊ नका. देणे भागच पडले तर यादीवर पोच घ्या आणि आधी रंगीत छायाप्रत काढा.

कंपनीचे उत्तर एक महिन्यात आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. विमा लोकपाल नियम, २०१७ नुसार तेथे शुल्क नाही आणि वकील किंवा एजंट चालत नाही, म्हणून ज्या गृहस्थांनी हिस्सा मागितला आहे त्यांना तेथे आपल्या वतीने उभेही राहता येणार नाही. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार व्हावी लागते. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. कोल्हापूर जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे; सुनावणी व्हिडिओद्वारेही होते. दरम्यान आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक मिळतो आणि कंपनीला त्यावर उत्तर द्यावे लागते. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. तेथे मुदत दोन वर्षांची आहे आणि आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मात्र तेथे प्रकरण सुरू असताना लोकपालांकडे जाता येत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि समाधान न झाल्यास आयोग, हा क्रम मला योग्य वाटतो.

उत्तर : अस्थिशल्य (सातारा)

वरील उत्तरातील वैद्यकीय कागदाच्या मुद्द्याला मी माझ्या बाजूने जोड देतो, कारण हे प्रमाणपत्र आम्हीच लिहितो आणि घाईत ते फार मोघम लिहिले जाते. ‘रुग्णाला उजव्या हाताने जड काम करणे कठीण जाते’ असे एक वाक्य लिहून आम्ही सही करतो; त्यात खोटे काही नसते, पण विमा कंपनीला त्यातून काहीही ठरवता येत नाही.

प्रमाणपत्रासाठी जाताना पॉलिसीतील व्याख्या आणि तक्ता यांची प्रत डॉक्टरांसमोर ठेवा. प्रत्येक सांध्याची हालचाल गोनिओमीटरने मोजून अंशांत लिहून मागा : मनगट वर किती अंश उचलले जाते, खाली किती वाकते, तर्जनीचा मधला सांधा किती वळतो, आणि समोरच तुलनेसाठी डाव्या हाताचे आकडे. बोटाचे टोक तळहातापासून किती सेंटिमीटर दूर राहते हे पट्टीने मोजून लिहिले की वाचणाऱ्याला हात डोळ्यांसमोर दिसतो. पकडीची ताकद डायनॅमोमीटरवर किलोग्रॅममध्ये मोजता येते आणि हे यंत्र अनेक फिजिओथेरपी विभागांत असते. बोटांना बधिरपणा असेल तर नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून घ्यावी, कारण तिचा अहवाल रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो.

यापेक्षा महत्त्वाचे वाक्य पुढचे आहे. उपचार पूर्ण झाले असून आणखी उपचारांनी लक्षणीय सुधारणा अपेक्षित नाही, असे स्पष्ट शब्दांत यायला हवे. ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी, तीन महिन्यांनी दाखवावे’ ही आमची नेहमीची ओळ प्रमाणपत्राच्या तळाशी राहिली, तर कंपनी हक्काने म्हणते की अपंगत्व अजून कायमचे झालेले नाही. ज्या रुग्णाला खरोखरच सुधारणेची आशा आहे, त्याला मात्र कोणत्याही डॉक्टरने असे प्रमाणपत्र देऊ नये आणि त्यानेही ते मागू नये. हाताची हालचाल परत मिळण्याची संधी दाव्याच्या रकमेपेक्षा मोलाची आहे.

शिरोळकर, आपल्या रुग्णालयातून संपूर्ण केसपेपर मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. आपत्कालीन विभागातील पहिली नोंद, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा) क्रमांक, दोन्ही शस्त्रक्रियांच्या टिपणी आणि क्ष-किरण चित्रे हवीत. पहिल्या नोंदीत अपघाताची वेळ, ठिकाण आणि प्रकार काय लिहिला आहे ते आपण स्वतः वाचा. रात्रीच्या गर्दीत कनिष्ठ डॉक्टरने ‘पडल्यामुळे’ एवढेच लिहिले असेल आणि पंचनाम्यात दुचाकी घसरली असे असेल, तर ती विसंगती कंपनी दाखवण्याआधी रुग्णालयाकडून खुलाशाचे पत्र घेतलेले बरे. त्याच नोंदीत मद्यप्राशनाविषयी काय लिहिले आहे तेही पाहा. मद्यपान केलेले नव्हते अशी नोंद असणे आपल्या फायद्याचे आहे.

उत्तर : मडगावकर

शिरोळकरदादा, एका पॉलिसीपुरते थांबू नका. अपघात विम्यात ठरावीक रक्कम मिळते, रुग्णालयाच्या बिलाची परतफेड नव्हे. त्यामुळे एकापेक्षा अधिक पॉलिसी असतील तर प्रत्येकीखाली दावा करता येतो. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे सक्तीचे अपघात संरक्षण आहे का पाहा. त्यात एका अवयवाच्या हानीला ५० टक्के मिळतात. तथापि बोटे किंवा ताठ सांधा यांसाठी तक्त्यात वेगळी ओळ नसते, त्यामुळे आपल्या हाताची स्थिती त्यात बसणे कठीण आहे, हे आधीच सांगून ठेवते. बँक खात्यातून दर वर्षी जूनच्या आधी २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना आहे. तिच्यात एका हाताचा उपयोग पूर्णपणे गेल्यास १ लाख रुपये मिळतात आणि दावा बँकेमार्फत होतो. शेतजमीन कुटुंबाच्या नावावर असेल तर महाराष्ट्र शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे; ती तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावी. तेथेही अट अवयव निकामी होण्याचीच आहे आणि अर्जाची मुदत अगदी कमी असते.

आमच्याकडे गोव्यातील तक्रारी मुंबईच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात. माझ्या वडिलांच्या पायाच्या दाव्यात मी तेथे तक्रार केली होती. सुनावणीत लोकपालांनी पॉलिसीचे पान उघडून एकच विचारले : कंपनी म्हणते ती अट नेमकी कोणत्या ओळीत आहे? कंपनीच्या प्रतिनिधीला ती ओळ दाखवता आली नाही.

उपप्रश्न : भोसरीकर

विषय जवळचा आहे म्हणून येथेच विचारतो. माझ्या धाकट्या भावाची दोन बोटे कारखान्यातील प्रेसखाली गेली. त्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे आणि त्याने स्वतः एक अपघात पॉलिसीही घेतलेली आहे. ईएसआयकडून पैसे घेतले तर पॉलिसीचा दावा बुडतो, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : दावाविभाग (निवृत्त, पुणे)

खरे नाही. ईएसआय हा कायद्याने मिळणारा लाभ आहे आणि त्याने स्वतः हप्ता भरून घेतलेली पॉलिसी हा वेगळा करार आहे, दोन्ही मिळतात. कामावर न जाता आलेल्या काळासाठी ईएसआय सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ देते. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात कायमचा लाभ दरमहा मिळतो. कारखान्याने अपघाताचा अहवाल ईएसआयकडे पाठवला आहे का, एवढे आधी पाहा, कारण पुढचे सर्व त्यावर चालते. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते.

आता टक्क्यांचे तीन प्रकार झाले, हे लक्षात घ्या. जिल्हा रुग्णालय शरीराची हानी मोजते, ईएसआयचे मंडळ कमाईची घट मोजते आणि पॉलिसीचा तक्ता करारात आधीच लिहून ठेवलेला आकडा देतो. एकाच हातासाठी हे तिन्ही आकडे वेगवेगळे येऊ शकतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात. एका कार्यालयाचा आकडा दुसरीकडे मागणी म्हणून लिहू नये. बोटे प्रत्यक्ष तुटलेली असल्याने आपल्या भावाच्या दाव्यात व्याख्येचा वाद होण्याचे कारण नाही. बोट कोणत्या पेरापासून गेले हे क्ष-किरण चित्रावर आणि प्रमाणपत्रात एकसारखे असल्याची मात्र खात्री करा.

मूळ प्रश्नकर्ता : शिरोळकर

सर्वांचे मनापासून आभार. अटींची संपूर्ण प्रत ईमेलने मागवली आणि ती आली. हानीच्या व्याख्येत ‘शरीरापासून विलग होणे किंवा उपयोगाची पूर्ण व कायमची हानी’ असे दोन्ही शब्द आहेत. तक्त्याच्या शेवटी ‘इतर कायमचे अंशतः अपंगत्व, वैद्यकीय तज्ज्ञांच्या मूल्यमापनानुसार’ ही ओळही आहे. म्हणजे कंपनीच्या पत्रात व्याख्येचा अर्धाच भाग घेतलेला दिसतो. सूचनेच्या कलमात मुदत लिहिलेली आहे, पण ती पाळता न आल्याचे योग्य कारण दाखवल्यास विलंब क्षमापित करता येईल, असे त्याच कलमात पुढे म्हटले आहे.

फेरविचार अर्जाचा मुख्य परिच्छेद मुलीने माझ्या सांगण्यावरून असा लिहिला आहे : ‘आपल्या पत्रात दावा नाकारण्याचे पहिले कारण अवयव विलग न होणे हे दिले आहे. पॉलिसीतील हानीच्या व्याख्येत उपयोगाची पूर्ण व कायमची हानी हाही स्वतंत्र प्रकार समाविष्ट आहे, तसेच अपंगत्व तक्त्याच्या शेवटच्या नोंदीनुसार तक्त्यात न दिलेल्या अंशतः अपंगत्वाचे मूल्यमापन वैद्यकीय तज्ज्ञांनी करावयाचे आहे. सोबत जोडलेल्या प्रमाणपत्रानुसार माझे उजवे मनगट कायमचे ताठ झाले असून तर्जनी व मधल्या बोटाने पकड घेता येत नाही. अंगठा, अनामिका व करंगळी यांची हालचाल शिल्लक आहे. तरी या नोंदीनुसार मूल्यमापन करून दाव्याचा फेरविचार करावा.’

शिल्लक हालचालीचे वाक्य ठेवावे की काढावे, याविषयी घरात मतभेद आहेत.

उत्तर : दावाविभाग (निवृत्त, पुणे)

ठेवावे. कंपनीचा डॉक्टर तपासणीला बोलावेल तेव्हा ती बोटे हलणारच आहेत; आपण आधीच लिहिलेले असेल तर आपल्या बाकीच्या शब्दांनाही वजन येईल. शिवाय आपली मागणी संपूर्ण पंजाची नसून शेवटच्या नोंदीखालच्या मूल्यमापनाची आहे, हे त्या वाक्याने स्पष्ट होते. परिच्छेदात कलमांचे क्रमांक घाला आणि ती दोन पाने अधोरेखित करून जोडा. विलंबाचा खुलासा याच परिच्छेदात मिसळू नका; तो वेगळ्या परिच्छेदात, सूचनेच्या कलमातील क्षमापनाचे वाक्य उद्धृत करून द्यावा. साप्ताहिक भरपाईची मागणी तिसऱ्या परिच्छेदात, आठवड्यांच्या तारखांसह.

तपासणीला बोलावल्यास सर्व क्ष-किरण चित्रे आणि सातारच्या डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मोजमापांचा कागद सोबत न्या, मुलीलाही न्या, आणि तपासणी अहवालाची प्रत तेथेच लेखी मागा. दावा अंशतः मंजूर करून कंपनीने पूर्ण समाधानाच्या पावतीवर सही मागितली, तर घाबरून रक्कम नाकारू नका. अशा पावतीवरील सहीमुळे अधिक भरपाई मागण्याचा पॉलिसीधारकाचा हक्क संपत नाही, असे आयआरडीएआयने सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना कळवलेले आहे. रक्कम स्वीकारा आणि त्याच दिवशी, उरलेल्या रकमेचा हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे, असा ईमेल पाठवा.

दावा नाकारल्याच्या पत्रावरील तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. लोकपालांकडची एक वर्षाची मुदत मोजताना वाद नको, म्हणून फेरविचाराच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. अर्ज पोहोचल्याच्या पोचेपासून एक महिना झाला की तक्रार तयार ठेवा.